दलदलीवरची तीस रोपं

मी क्लूनबेगची दलदल बोलतेय. बोलतेय म्हणजे काय, अर्धी झोपेतच आहे. दहा हजार वर्षांची झोप अशी एका सकाळी थोडीच उतरते!

आधी मी तळं होते. बर्फ वितळून मागे राहिलेलं पोरकं पाणी. मग काठाकाठानं शेवाळ आलं. त्याला मूळ नाही, पण पाण्याची हौस मोठी. वरचं टोक जगायचं, खालचं मरायचं, आणि मेलेलं कुजायचं मात्र नाही. अशी थरावर थर चढत मी वाढले, वर्षाला नखाच्या जाडीएवढी. माझ्या पोटात ओकची अख्खी झाडं झोपलीत. कुणा बाईनं लोणी टिकावं म्हणून पुरलेला लाकडी डबाही आहे. ती परत आलीच नाही. मी सांभाळून आहे.

माणसांनी मला जीव लावला तो चुलीपायी. अरुंद फावड्यानं माझ्या ओल्या विटा कापायच्या, एकमेकींना टेकवून वाळवायच्या आणि हिवाळाभर गोवऱ्यांसारख्या जाळायच्या. त्यासाठीच गावातल्या म्हाताऱ्या मॅलकीच्या आज्यानं माझ्या कडेला लांबलचक चर खणला. पाणी उतरू लागलं, त्या अंगानं मी खचले. तरी त्या धुराचा वास मलाही गोड लागायचा, खोटं कशाला बोलू?

गावच्या शाळेत डिम्फ्ना बाई आहेत. तीन वर्षांमागे त्या आपली एकोणीस मुलं घेऊन आल्या आणि माझ्या कोरड्या कडेवर बर्चची, म्हणजे भूर्जाची, तीस रोपं लावून गेल्या. प्रत्येक रोपाला नाव, गळ्यात पाटी. सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या. मला आधी गुदगुल्या झाल्या. मग तहान लागली.

यंदा मार्चच्या धुक्यात सात शिक्षक गमबूट घालून आले, दलदल मुलांना कशी शिकवायची ते शिकायला. त्यांत डिम्फ्ना बाईही होत्या. शिकवणारा फिनटन म्हणाला, "वह्या मिटा आणि आडवे व्हा."

"या चिखलात? माझा कोट नवा आहे रे!" डिम्फ्ना बाई म्हणाल्या.

"कोट धुता येतो. पडा."

मग त्यानं एकाला उडी मारायला सांगितली. दहा पावलांवर पडलेल्या बाईंच्या पाठीखाली मी थरथरले. "अगं बाई, ही तर सायीसारखी हलतेय!" त्या ओरडल्या. कितीतरी वर्षांनी कुणी माझ्यावर पाठ टेकून हसलं.

पुढे फिनटननं काठी खुपसली. मध्यावर बोटभर खाली पाणी लागलं. रोपांपाशी हातभर गेली तरी काठी कोरडीच.

"ही झाडं कुणी लावली? मोठी होतील तशी उरलंसुरलं पाणीही पितील. काढायला हवीत."

डिम्फ्ना बाई उठून बसल्या. "मी लावली."

"आणि हा चर?"

"चराचं इथे नको काढूस. माझ्या निम्म्या मुलांच्या घरी त्यानं वाळलेल्या विटांवर चूल पेटते." त्या हळूच म्हणाल्या, "मुलांना काय सांगू मी?"

"जे कळलं ते सांग."

"तुला सोपंय. तू संध्याकाळी गाडीत बसून जाशील. मला सोमवारी त्यांच्यासमोर उभं राहायचंय."

सोमवारी त्या आल्या, मुलांसकट. ओल्यातच गुडघे टेकले. "मुलांनो, माझं चुकलं. झाडं लावणं चांगलंच, पण जागा चुकली; इथलं पाणी ती पिऊन टाकतील. इथून ती काढायची आहेत."

मॅलकीची नात सॉर्का आपलं रोप मुठीत धरून बसली. "बाई, हे मरेल?"

"माती धरून काढलं तर नाही मरणार. पण कुठे लावायचं, ते मला अजून सुचलेलं नाही."

मॅलकी तिथेच चर उपसत होता. "लावलीत तेव्हाच म्हणालो होतो बाई, दलदलीला बर्च मानवत नाही. पण मोजून चार वर्षं शाळेत गेलेल्याचं कोण ऐकतं? माझ्या शेताच्या बांधावर लावा, चला."

मुलं हुश्श करून उठली. तेवढ्यात सॉर्कानं विचारलं, "बाई, एवढंसं झाड पाणी पितं, तर आजोबांचा चर नाही पीत?"

'नंतर सांगते' म्हणून बाईंना टाळता आलं असतं. त्यांनी मॅलकीकडे पाहिलं. "पितो, सॉर्का. झाडांपेक्षा कितीतरी जास्त."

मॅलकीनं फावडं रोवलं. मला वाटलं, आता तो पोरीचा हात धरून चालता होणार.

"खरं बोलल्या," तो म्हणाला. "पण किती पितो ते त्यांना काय माहीत? खणलाय आमच्या घरानं. या पोरांनो, मी सांगतो. माझ्या आज्याच्या काळी ही जमीन त्या कुंपणाच्या डोक्याएवढी उंच होती."

एकोणीस माना वर झाल्या. तिथे आता नुसतं धुकं होतं. बाई मागे सरकल्या आणि मुलांत उभ्या राहून ऐकू लागल्या.

रोपं बांधावर गेली. चर अजून वाहतोय. फक्त त्या दिवशी मॅलकीनं तो अर्धाच उपसून सोडला, आणि न उपसलेल्या अर्ध्यात आता हिरवं शेवाळ धरू लागलंय. मला घाई नाही. तुमच्या गावाजवळही माझ्यासारखी कुणी ओली, आळशी, बिनकामाची बाई पसरलेली असेल, तर तिला सुधारायला धावू नका. आधी जरा तिच्यावर आडवे व्हा.