गुहेतला कुत्रा

औषधी झऱ्याचं कोमट पाणी पिऊन विटलेली माणसं दुपारी ओनोरीनच्या गुहेकडे वळायची. डॉक्टरांनी सांगितलेले पेले घशाखाली उतरवून झाले, की माणसाला दुसऱ्या कुणाचे तरी हाल बघावेसे वाटतात. गुहेच्या जमिनीतून विषारी वायू निघायचा. तो जड, म्हणून गुडघ्याखालीच साचून राहायचा. उभ्या माणसाला काही होत नसे. कुत्रा मात्र कोसळायचा.

निदान पाहुण्यांना तसं वाटायचं. ओनोरीनच्या सासऱ्यांनी खरोखरच कुत्रे बेशुद्ध पाडले होते, पण तिचं मन काही धजलं नाही. ती आपल्या कुत्र्याला, पॉम्पॉनला, वायूच्या वर, उंच दगडावर उभं करायची. तिने टाच आपटली की तो लटपटून आडवा व्हायचा, आणि बाहेर गवतावर ठेवला की टुणकन उठायचा. असा नट पॅरिसातही मिळाला नसता!

त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. अशा हवेत गुहा जास्त वायू सोडते, हे गावात शेंबडं पोरही सांगेल. पण ऑगस्टचा सण, दाराशी ही गर्दी. वायूत ज्योत विझते, म्हणून तो कुठवर चढलाय ते बघायला सकाळी एकदा मेणबत्ती खाली धरून पाहिली होती, तेवढ्यावरच ओनोरीनने भागवलं.

"बाई, कुत्रा पडणार आहे की आम्हीच झोपायचं?" ल्यों शहरचा एक रेशीमवाला म्हणाला.

"तुमच्या बडबडीने अजून पडला नाही मस्यू, हेच नशीब!"

हशा पिकला. रोमन शिपाई इथे कसे अंग शेकायला यायचे, ते ती सांगू लागली, आणि पॉम्पॉन कोसळला.

टाळ्या पडल्या. पण ओनोरीनने टाच आपटलीच नव्हती. कमरेशी धरलेल्या कंदिलाची ज्योत बारीक झाली होती. आणि रेशीमवाल्याची चिमुरडी लिझेत कुत्र्याला कुरवाळायला दगडापाशी उकिडवी बसली होती.

"बाहेर! सगळे बाहेर व्हा!"

"वा! काय सोंग वठवतेय!" कुणीतरी ओरडलं. टाळ्या वाढल्या. कुणी जागचं हललं नाही.

श्वास रोखून ओनोरीन खाली वाकली, पोरीला उचललं. मान लुळी पडली होती. वाटेतल्या पोटांत कोपरं खुपसत ती उजेडात आली. पोरीचे ओठ निळे. तिने पाठीवर थापट्या मारल्या. काही नाही. पुन्हा मारल्या. देवा, रड गं बाई, रड! लिझेत खोकली आणि तिने भोकाड पसरलं. मागून धावत आलेल्या बापाने तिला पोटाशी धरलं.

ओनोरीन परत वळली तसा त्याने तिचा हात धरला. "जाऊ नका बाई. कुत्राच तर आहे."

"तो पडला म्हणून मला कळलं," ती म्हणाली आणि हात सोडवून आत गेली.

तिने पॉम्पॉनला आणून गवतावर ठेवलं, छाती चोळली, तोंडाने फुंकर घालून पाहिली. मागची माणसं आता कुठे हसत हसत बाहेर येत होती. त्यांनी भोवती कडं केलं. एक हॅटवाल्या बाई मैत्रिणीला म्हणाल्या, "आता उठेल हं! हाच भाग फार गोड असतो म्हणे."

"उठणार नाही तो, मादाम," ओनोरीन म्हणाली. "इतकी वर्षं आम्ही दोघं तुम्हाला फसवत होतो. आज नाही फसवलं."