नळाच्या आड

एके काळी सभागृह दणाणून सोडणारी गायिका आता लहान पोरासारखी पेल्यातल्या पाण्यात स्ट्रॉ घालून हुंकाराचे बुडबुडे काढत होती. बिघडलेल्या गळ्याला हाच व्यायाम सांगितला होता. महिना झाला तरी आवाज फाटकाच, म्हणून व्यायाम शिकवणाऱ्या बाई वैतागल्या.

"चोरून वरचा सूर लावून बघता ना? अहो, रोप रोज उपटून मूळ धरलं का बघितलं, तर ते जगेल कसं?"

ती घरी आली. रोजच्यासारखी बाथरूममध्ये शिरली, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला, तोंड उघडलं आणि सूर न लावताच मिटून घेतलं.

दाराबाहेरून नवरा हळूच म्हणाला, "आज नुसताच नळ?"