लग्नपत्रिकेतला ज्वालासिंह

मी ज्वालासिंह बोलतोय. घाबरू नका, जाळत नाही कुणाला. मी पुठ्ठ्याचा आहे.

माझा जन्म अमरावतीचा, अपेक्षाच्या घरचा. पत्त्यांच्या लढायांचं वेड लागलेल्या या पोरीला खाऊच्या पैशांत एकच पाकीट परवडलं आणि त्यात निघाले सगळे किरकोळ प्राणी. तिचा मित्र कुलदीप मात्र छापील पत्त्यांचा भरगच्च डबा बाळगून! मग तिनं शेंदूरजनाघाटच्या रागिणीताईच्या लग्नातल्या उरलेल्या पत्रिका काढल्या. "गणपतीवर कात्री नको चालवू!" आई स्वयंपाकघरातून ओरडली. म्हणून मला खालच्या भागातून कापलं. पोटावर स्केचपेननं सिंह, आयाळीत ज्वाळा, ताकद नऊ! पाठ मात्र गुलाबीच राहिली आणि तिच्यावर छापलेलं, 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!'

"येडी आहेस का वं?" कुलदीप पोट धरून हसला. "तुहा सिंह पाठीवरूनच दिसते मले."

"मंग त्याच जागचा अजून एक कापू का?"

"काप नं, दहा काप! पण रविवारी हरली तं हे घरचे पत्ते बंद. विकत घेशीन तवाच खेळाले ये."

अपेक्षाचा चेहरा उतरला. विकत घ्यायचे म्हणजे थेट दिवाळीची वाट. तरी तिनं कात्री घेतली आणि दुसऱ्या पत्रिकेतून कापला एक उंदीर, ताकद एक! तीच गुलाबी पाठ, तेच आमंत्रण. मला भयंकर राग आला. माझ्यासारख्याला भाऊ म्हणून उंदीर?

रविवारी गच्चीवर तीन डावांचा सामना रंगला. पत्ता पालथा टाकायचा, समोरच्यानं भिडायचं नाहीतर माघार घ्यायची. माघार घेतली की डाव गेला, पण भिडून हरलात तर पत्ताही गेला. दोघांनी एकेक डाव जिंकला. शेवटी अपेक्षाच्या हातात उरलो आम्ही दोघं गुलाबी भाऊ आणि कुलदीपकडे त्याचा लाडका अजगर, ताकद आठ.

अपेक्षानं एक गुलाबी पत्ता पालथा टाकला. कुलदीपनं ते आमंत्रण वाचलं. अजगर उचलला, ठेवला, परत उचलला.

"जाऊ दे, माघार! अजगर नाही देत मी."

अपेक्षानं पत्ता उलटला. उंदीर!

आणि मी? मी तिच्या हातातच होतो. जागचा न हलता, नुसत्या धाकावर जिंकलो! त्या क्षणापासून उंदराला मी मोठ्या मनानं भाऊ मानतो.

"काहून वं, मले बनवलं!" असं ओरडत कुलदीपनंच तिला टाळी दिली.

आता अपेक्षा अकोल्याला कॉलेजात शिकते. माझे कोपरे झिजलेत, पोटावर चिकटपट्टी आहे, पण होस्टेलवरच्या पोरींचे सगळे पत्ते पत्रिकांतूनच कापलेले, माझेच भाऊबंद. गेल्या आठवड्यात कुलदीपही आला, स्वतःच्या भावाची पत्रिका कापून केलेला वाघ घेऊन!

तेव्हा घरातल्या जुन्या पत्रिका रद्दीत घालू नका. कात्री घ्या, गणपती तेवढा जपा. आणि रविवारी खेळायला यायचं हं!