शिगेनोचा आवाज

आमच्या गावातल्या बायकांनी तो पिक्चर पाहिला नाही आणि पुरुषांनी पाहिला हे कुणी कबूल केलं नाही. तरी गावभर झालं. शेजारची शिगेनो त्यात बोलली होती.

शिगेनो विधवा, चाळिशीच्या आतली. गावातलाच योनेकिची तिला हवा होता आणि तिला ते बोलता येत नव्हतं. तोही तसाच घुम्या. बर्फ पडायच्या आत गावचे पुरुष तोक्योकडे बांधकामावर जातात, ते वसंतात परततात. निघण्याआधी तो तिच्या भिंतीशी सरपण रचून द्यायचा. आमच्याकडे पुरुष बाईचं सरपण रचतो म्हणजे काय, ते शेंबड्या पोरालाही कळतं. सहा वर्षं हेच चाललं होतं.

मग ती पिक्चरवाली मंडळी आमच्या दारूच्या दुकानाच्या माडीवर उतरली. खेड्यातल्या विधवेची गोष्ट, अंगावरचे कपडे कमी. असल्या पिक्चरात आवाज मागाहून भरतात. नटी दिसायला देखणी, पण बोलायची रेडिओवर बातम्या दिल्यासारखं. दिग्दर्शकाने शिगेनोला कोंबड्यांवर खेकसताना ऐकलं आणि नटीचा आवाज तू दे म्हणून हात जोडले. बाईला एकटीला कसं पाठवायचं, म्हणून मी सोबत तोक्योला गेले.

अंधाऱ्या खोलीत पडद्यावर नटी एका गड्याच्या गळ्यात पडली होती. शिगेनोने पडद्याकडे पाहिलंच नाही. डोळे मिटून म्हणाली, "जाऊ नगंस. औंदाचा हिवाळा हितंच ऱ्हा माझ्यापाशी."

मला रडू आलं. कुणाला म्हणत होती ते मला ठाऊक होतं.

पिक्चर लागला. तालुक्याच्या थिएटरात गावात उरलेले पुरुष कॉलर वर करून गेले आणि एकमेकांनाच भेटले. माझा नवरा त्या रात्री जेवताना मान वर करीना, तेव्हा मी समजले. शिगेनो दिसली की हे बाप्ये उगाच खोकायचे. मेल्यांनो, लाज तुम्हाला वाटायला हवी होती.

योनेकिचीने तो कामाच्या गावी पाहिला. आपल्याकडची बोली ऐकायला मिळते म्हणून सगळे मजूर गेले होते. वसंतात परतला तो तोंड पाडूनच. दुकानात साके घ्यायला आला आणि बाटली हातात धरून उभा राहिला.

"आक्का, कुणाला म्हणाली ती तसं?"

"तुला, मुडद्या."

"मला सहा वर्षांत एकदा तरी म्हणाली का?"

जाऊन विचार तिलाच, म्हटलं. तर म्हणे, कसं विचारू, असला पिक्चर बघितला म्हणून सांगू?

मग मी शिगेनोच्या मागे लागले. शरद संपत आला तरी लागलेच होते. ती म्हणाली, "आक्का, आता कसं म्हणू? समद्या गावानं ऐकलंय. त्याला वाटंल, पिक्चरमधलंच बोलती."

मजुरांना न्यायला बस आली. सगळे चढले, योनेकिची पायरीवर पाय ठेवून रेंगाळला. इतका वेळ रेंगाळला की ड्रायव्हरने हॉर्न दिला. शिगेनो पुढे झाली, तिने तोंड उघडलं. आत कुणीतरी खोकलं.

"जपून जावा," ती म्हणाली. "थंडी लई असती तिकडं."

त्याने मान डोलावली आणि चढला.

वसंतात बाकीचे परतले. तोक्योशेजारच्या कावासाकीच्या खाणावळीतल्या एका बाईशी योनेकिचीने संसार मांडला, असं माझ्या नवऱ्याने सांगितलं. शिगेनोला ते दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून मीच गेले. ती ओसरीवर रानभाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं तिने.

"ती म्हणाली असंल त्याला," शिगेनो म्हणाली. "जाऊ नगंस म्हणून."

आणि निवडलेली भाजी पुन्हा निवडायला लागली.