व्याह्यांची गादी

"विहीणबाई, आमटी झ्याक झालीया," सोपानराव म्हणाले, आणि वाढता वाढता सरूबाईंचा हात थबकला.

लेकीच्या, नीलाच्या लग्नात याच व्याह्यांना चुकून गादीऐवजी नुसत्या सतरंजीवर बसवले गेले, म्हणून ते भर मांडवातून उठून गेले होते. त्यानंतर आकुर्डीच्या या घरात नावे न ठेवता ते कधी जेवले नव्हते. आज मात्र त्यांना मीठसुद्धा बरोबर लागत होते. समोर बसलेले सरूबाईंचे नवरे ज्ञानदेव नुसताच भात कालवीत राहिले.

दोघेही ओतकारखान्यात क्रेन चालवीत. ज्ञानदेव पिंपरीला, सोपानराव चिंचवडला. दिवाळीत दोन्ही कंपन्या एक झाल्या, तेव्हा "आपलं बघून मालकांनीबी सोयरीक केली," म्हणून हेच दोघे पोट धरून हसले होते. आता चिंचवडची भट्टी विझली होती. पिंपरीत क्रेन एक आणि माणसे दोन. नोकरी जुनी ज्ञानदेवांची. त्यांनी आपण होऊन सोडली, तरच सोपानरावांना जागा होती.

"नीला बरी हाय न्हवं?" सरूबाईंनी विचारले.

"बरी हाय. तिला कुणी काय बोलत न्हाई." सोपानराव ताटाकडे पाहत म्हणाले, "घरात आता कुणीच कुणाशी बोलत न्हाई."

निघताना उंबऱ्याशी त्यांनी टोपी काढली आणि ते वाकले. मुलाचा बाप, मुलीच्या बापापुढे! ज्ञानदेवांनी त्यांचे हात वरच्या वर धरले.

"असं करू नगा, सोपानराव. माझी लेक हाय त्या घरात."

पाहुण्यांची पाठ वळताच सरूबाई कडाडल्या, "जागा सोडाल तर याद राखा! धाकटी दोघं शाळेत हाईत. कसायला रान तरी उरलंय का? त्याच्यावरच तर कंपनी हुबी हाय."

"आन् न्हाई सोडली, तर नीलानं त्या घरात तोंड कसं दाखवायचं?"

सरूबाईंनी खरकटी ताटे आदळून उचलली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ज्ञानदेव परतले, ते पिशवीत क्रेनच्या केबिनमधली खंडोबाची तसबीर घेऊन. सरूबाई काय ते समजल्या. तसबीर त्यांनी कोनाड्यात ठेवली आणि पिशवी पुन्हा चाचपली. जुन्या लुगड्याची गादी त्यांनी नवऱ्याला क्रेनवर बसायला शिवून दिली होती.

"माझी गादी?"

"तिथंच ठिवली. वर बसायला नुसतं लोखंड हाय. उद्यापास्नं व्याही बसणार."

सरूबाईंनी रिकाम्या पिशवीची घडी घातली.

"एका अंगानं उसवलीया ती," त्या म्हणाल्या. "नावं ठिवतील."

"ठिवू देत," ज्ञानदेव म्हणाले, आणि नुसत्या भुईवर टेकले.