उलटं फिरवलेलं चाक

मी एक जुना डोळा आहे, मित्रांनो. कॅमेऱ्याचा डोळा. सहा काचा, सहा पाकळ्या आणि मागे आटे, एवढाच माझा देह. दुकानात मला लेन्स म्हणतात. मला पुष्कळ दिसतं, पण बोलता येत नाही. त्यामुळे एक गोष्ट जिला कळायला हवी होती, तिला कळायचीच राहणार होती. ती कशी कळली, ते सांगतो.

तो अगदी साधा रविवार होता. ऑक्टोबर महिना, डोंगरातलं कोतेल गाव, दुपारचे तीन. बल्गेरियात त्या दिवसांत घरोघरी मिरच्यांचा खरपूस वास असतो. माझा धनी दोब्री अंगणात बसून भाजलेल्या लांब लाल मिरच्यांची सालं काढत होता. त्याची मुलगी नेवेना बिया काढत होती. मधल्या टेबलावर दोन माहितीपत्रकं होती, आणि ती उडू नयेत म्हणून त्यांच्यावर मी, माझ्या जुन्या कॅमेऱ्यासकट.

दोब्रीला नवा, बिनआरशाचा कॅमेरा घ्यायचा होता. त्यात घराणी असतात, मित्रांनो. एका घराण्याचा कॅमेरा घेतला की पुढचं सगळं सामान त्याच घराण्याचं घ्यावं लागतं. जवळपास सोयरीकच ती. एक पत्रक काळ्या कॅमेऱ्याचं होतं, दुसरं करड्याचं.

"काळाच घे, ताते," नेवेना म्हणाली. बापाला ती ताते म्हणे. "धावतं पोर दिसलं की त्याच्या डोळ्यावर आपोआप नेम धरतो. तू शाळेच्या वर्गांचे फोटो काढतोस. तीस पोरं, त्यातलं एक स्थिर बसत नाही."

"आणि चाळीस वर्षं मी नेम कसा धरला? डोळे मिटून?"

"करड्यात असं आहे तरी काय? सगळं एक पायरी खाली."

"त्याची खिडकी चांगली आहे."

"कसली खिडकी?"

"डोळा लावायची."

"खिडकीवरून कॅमेरा घेतोस? घर घेतोयस का तू?"

"घरसुद्धा खिडकी बघूनच घेतलं होतं. तिच्यातून तुझी आई पाण्याला जाताना दिसायची."

नेवेना हसली. दोब्रीने आणखी एक साल काढलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुझ्या चष्म्याचा नंबर किती झाला गं आता?"

"मायनस पावणेपाच. का?"

"दोन्ही डोळे?"

"दोन्ही. चष्मा करून देतोयस की काय मला? आधी सदरा बघ स्वतःचा, अर्धी मिरची त्यावरच आहे."

दोब्रीने पेन्सिल घेऊन पत्रकांवर काहीतरी लिहिलं. कोपऱ्यात जळक्या सालांनी काळ्या झालेल्या बोटाचा ठसा उमटला. नेवेनाने पाहिलं नाही. ती स्लिवेन शहरातल्या मोठ्या ग्रंथालयात काम करायची, तिथेच राहायची, आणि पाचची बस चुकली की दुसरी नव्हती.

"शनिवारी स्लिवेनला ये. क्रुमच्या कॅमेऱ्यांच्या दुकानात समोरासमोर ठरवू," ती म्हणाली.

"येतो. पण हरणार नाही."

ती निघाली. जाताना मिरच्यांच्या बरण्यांची झाकणं घट्ट लाव, एवढंच म्हणाली.

मंगळवारी सकाळी दोब्री उठला नाही. झोपेतच त्याचं हृदय थांबलं होतं.

आता थोडं माझ्याबद्दल. माझा जन्म पूर्व जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. मूळ मी वाळू. वाळूची काच झाली आणि काच एका बाईच्या हाती आली. ती मला रोज थोडं थोडं घासायची. एक दिवस तिने मला खिडकीशी धरलं, मागे पांढरा कागद धरला, आणि रस्त्यापलीकडचं अख्खं झाड त्या कागदावर उतरलं. उलटं, नखाएवढं, पण पानन्‌पान हलणारं. तो माझा पहिला विस्मय. तो अजून ओसरलेला नाही. एवढं मोठं जग एवढ्याशा काचेतून जातं आणि त्याला कुठे ओरखडा उठत नाही!

सैन्यातून सुटून आलेल्या बावीस वर्षांच्या दोब्रीने मला राजधानीत विकत घेतलं आणि कोतेलला आणलं. तिथून आम्ही लग्नं पाहिली, बारशी पाहिली, शाळेचे वर्ग पाहिले. "दोब्रीचा फोटो म्हणजे आरसा," असं लोक म्हणत. त्याला ते आवडत नसे. कारण कॅमेऱ्यात खराच एक आरसा होता, माझ्यामागे तिरका बसवलेला. तो माझ्यातून आलेलं चित्र वर खिडकीकडे पाठवायचा. पण बटण दाबलं की आरसा फटकन वर उचलला जायचा, आणि नेमक्या त्या क्षणी दोब्रीच्या डोळ्यापुढे अंधार व्हायचा.

"जो क्षण मी पकडतो, तोच मी बघितलेला नसतो," तो म्हणायचा. त्या अंधारापुढे तो आयुष्यभर नतमस्तक राहिला.

नेवेना बारा वर्षांची झाली, तेव्हा त्याने मला तिच्या हातात दिलं. तो स्वतः अंगणात बिहीच्या झाडाखालच्या बाकावर बसला. "माझा काढ," म्हणाला. पोरीला जाड चष्मा होता. चष्म्यासकट डोळा लावला की तिला चित्राचा मधला तुकडा तेवढा दिसायचा. चष्मा काढला की सगळं धुकं. तिने चष्मा खिशात टाकला, चित्र स्पष्ट करायचं माझं कडं अंदाजाने फिरवलं आणि बटण दाबलं.

फोटो धुऊन आला. त्यात दोब्री हसत होता, पण धुक्यातून हसावं तसा.

"पुन्हा काढूया," तो म्हणाला.

"नको. मला नाही आवडत हे."

शाळेत तिला पोरं 'बरणी' म्हणत. आणखी एका ठिकाणी चष्म्यामुळे हरले, असं तिला म्हणायचं नव्हतं. तिने पुस्तकं जवळ केली, कारण पुस्तक नाकापर्यंत आणता येतं. दोब्रीने तिला परत कधी विचारलं नाही. आवडत नसेल, म्हणाला, आणि मला पिशवीत ठेवलं. त्या दिवशी त्याची पाठ मला जरा वाकलेली दिसली.

पुढे फोनमध्ये कॅमेरे आले. गावातल्या लोकांना दोब्री लागेना, दोब्रीला मी लागेना. शाळेसाठी त्याने एक स्वस्तातला डिजिटल कॅमेरा आणला. मी खणात पडलो. काचेच्या कडेला बुरशीचा एक बारीक कोंब फुटला. त्या अंधारात मी वर्षं मोजली नाहीत.

मग पासष्टाव्या वर्षी दोब्रीला लांबचा चष्मा लागला. तो प्लसचा, दोनच नंबर. त्या दिवशी आठवण आली म्हणून त्याने मला खणातून काढलं, चष्म्यासकट खिडकीला डोळा लावला, आणि थबकला.

"कोपरे कुठे गेले?"

चष्मा काढला. कोपरे आले, पण सगळं पुसट. पुन्हा लावला, पुन्हा काढला. मग मला टेबलावर ठेवून तो उठला, कपाटातून पोरीने काढलेला तो धुरकट फोटो शोधला आणि माझ्या चामडी पिशवीच्या झाकणात खोचला.

"तिला दिसतच नव्हतं," तो म्हणाला. "आणि मी विचारलं नाही."

तिला तो आता बोलून दाखवू शकत होता. पण अडतीस वर्षांची बाई 'जाऊ दे रे ताते' म्हणून हसली असती आणि विषय संपला असता. त्याला बोलायचं नव्हतं, तिच्या डोळ्याला दाखवायचं होतं. तो शनिवार त्यासाठी होता, मित्रांनो. हे फक्त मला ठाऊक होतं.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याचा फोटो छापलेला कागद दारावर, बसथांब्यावर, झाडांच्या खोडांवर लावतात. चाळीस दिवसांनी पुन्हा लावतात. कोतेलच्या भिंतींवरचे बहुतेक चेहरे माझ्यातूनच गेले आहेत. पण दोब्रीचा चेहरा कुठून आणायचा? तो कायम माझ्या मागे उभा. शेजारच्या गान्का मावशीने घर उलथंपालथं केलं. सापडला तो एकच, पिशवीच्या झाकणातला.

"अख्ख्या गावाला जावईबापूसारखं सजवून बसवलं याने, आणि स्वतःचा हा असा!" गान्का मावशी म्हणाली. "कुठल्या आंधळ्याने काढला?"

"मी," नेवेना म्हणाली.

मावशीने तोंडावर हात ठेवला. मग तिला जवळ घेतलं. तोच फोटो छापला गेला.

छत्तिसाव्या दिवशी नेवेना मला घेऊन क्रुमच्या दुकानात गेली. तिला मला विकायचं होतं, आणि दोन्ही कॅमेरे नको म्हणून सांगायचं होतं. क्रुम बडबड्या माणूस. तिला बघून तो दुप्पट बोलू लागला.

"विकायचं नंतर बघू. आधी याला एकदा चढवू तर दे. दोब्रीदादांनी कडी सांगून ठेवली होती, ती आलीय."

कडी म्हणजे धातूचं नुसतं वळं. आत काच नाही, काही नाही. नव्या कॅमेऱ्यात आरसा नसतो, त्यामुळे तो पातळ. जुन्या भिंगाला मात्र आरशाएवढं अंतर हवंच असतं. आरसा गेल्यावर त्याच्या रिकाम्या जागेएवढीच ही कडी. प्रत्येक घराण्याची कडी वेगळी, पण तिच्यावरून माझ्यासारखा म्हातारा कुठल्याही घराण्यात नांदू शकतो. मला ते ठाऊक नव्हतं. मला वाटत होतं, माझा काळ संपला.

क्रुमने मला आधी दुकानातल्या एका कडीने काळ्या कॅमेऱ्यावर बसवलं. नेवेनाने चष्म्यासकट डोळा लावला.

"मला नाही जमत हे," ती लगेच म्हणाली. बारा वर्षांच्या पोरीचाच आवाज.

"चष्मा काढ. खिडकीच्या बाजूला बारीक चाक आहे, ते फिरव. म्हणजे खिडकीलाच चष्मा लागतो."

तिने चाक फिरवलं. ते एका जागी अडलं. "धुकं आहे."

"हा मायनस तीनलाच थांबतो. मग करडा घे. तो पाचपर्यंत जातो. दोब्रीदादा दर महिन्याला येऊन तेच चाक फिरवत बसायचे. मी म्हटलं, दादा, तुमचा नंबर प्लस, तुम्ही उलटं फिरवताय, तुम्हाला काय डोंबल दिसणार? तर म्हणाले, बरोबर फिरवतोय, तू गप बस."

नेवेनाचा हात थांबला.

"दाखव ती पत्रकं," ती म्हणाली. पत्रकं तर तिच्याच पिशवीत होती, घरून माझ्यासोबत उचललेली. तिने स्वतःच काढली. काळ्या पत्रकावर पेन्सिलीने फुली होती. करड्यावर, काळ्या बोटाच्या ठशाशेजारी, दोब्रीच्या अक्षरात लिहिलं होतं: 'पावणेपाच. दोन्ही. पुरतो.'

तिने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. क्रुमने मला काळ्यावरून उतरवलं आणि दोब्रीने सांगून ठेवलेल्या कडीने करड्यावर बसवलं.

तिने करडा कॅमेरा उचलला. चष्मा काढून टेबलावर ठेवला. चाक टोकापर्यंत नेलं, मग एक खाच मागे. माझं कडं हळूहळू फिरवलं. त्या खिडकीत जे स्पष्ट होतं, त्याच्या कडा लाल तारेसारख्या उजळतात. रस्त्यापलीकडे एक म्हातारी बिही विकायला बसली होती. तिचा रुमाल उजळला, मग बोटं, मग हातातल्या फळावरची मऊ लव. चारही कोपऱ्यांसकट.

नेवेनाने श्वास घेतला, तो सोडायला विसरली. मित्रांनो, चव्वेचाळीस वर्षं जग माझ्यातून जात होतं. त्या दिवशी ते पोचलं, असं मला वाटलं. तिने बटण दाबलं. आरसा नव्हता. अंधार झाला नाही. तो क्षण तिने पाहिला.

"हाच," ती म्हणाली. "आणि हा जुना विकायचा नाही."

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. मला कोरडं ठेवा. मऊ कापडाने पुसा. खणात टाकून विसरू नका, बुरशी अंधारातच धरते. आणि एखादं मूल 'मला नाही आवडत' म्हणालं, तर आणखी एकदा विचारा. माझ्या धन्याला ते विचारायला सव्वीस वर्षं लागली, आणि उत्तर ऐकायला तो राहिला नाही.

चाळिसाव्या दिवशी दोब्रीच्या नावाने साखर घातलेल्या उकडलेल्या गव्हाच्या वाट्या शेजारी वाटून झाल्या. फाटकावर नवा कागद लागला, फोटो तोच.

"या खेपेला तरी जरा बरा लावायचास," गान्का मावशी म्हणाली.

"हाच बरा आहे, मावशी."

मावशी गेली. नेवेना अंगणात आली. बिहीच्या झाडाची पानं गळली होती, खाली तो बाक रिकामा होता. तिने चष्मा काढून खिशात टाकला, डोळा लावला, आणि माझं कडं फिरवलं. अंदाजाने नाही. बाकाच्या फळीवरची एकेक रेघ उजळेपर्यंत. मग बटण दाबलं.

कॅमेरा खाली घेतला, तेव्हा तिच्यापुढे पुन्हा सगळं धुकं असणार. तरी ती बाकाकडेच बघत होती.

"ताते," ती मोठ्याने म्हणाली, "मला आवडत होतं. मला दिसत नव्हतं, एवढंच."