कड्यावरची लगोरी

वहिनीला कुठेही गेलं तरी गप्पा मारायला माणूस लागे, आणि तो तिला सापडेच. आदल्या संध्याकाळी हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात तो सापडला. कुठल्याशा बँडमध्ये ड्रम वाजवणारा एक दाढीवाला. कॉफी उकळायच्या आत दोघांची देवाणघेवाण सुरू झाली.

"रात्री फिरायचं तर नदीकाठी जाऊच नका," तो म्हणाला. "तिथे नुसता झगमगाट आणि खिशाला कात्री. मागे छापखान्याची गल्ली आहे ना, तिथे जा. आमचं वाजवून झालं की आम्ही तिथेच बसतो."

"आणि तू उद्या डोंगरावर ये," वहिनी म्हणाली. डोंगर हा तिचा प्रांत. या वाटेने ती आधीही येऊन गेलेली. "चुकायची भीतीच नाही. झाडं संपली की दगडांच्या लगोऱ्या लागतात. एक गाठायची, तिथून पुढची शोधायची. आणि प्रत्येकीवर आपला एक दगड ठेवायचा हं, म्हणजे त्या टिकतात."

"हिचं ऐकूनच माझा गुडघा गेला," शेजारी बसलेली तिची नणंद म्हणाली. पन्नाशी उलटली तरी तिला सगळे बेबीच म्हणत. तिघंही खळखळून हसली.

सकाळी नणंद-भावजय निघाल्या. बेबी काठी टेकत मागे पडली आणि म्हणाली, "तू हो पुढे वहिनी, मी येते रांगत." वहिनी झाली पुढे. माथ्याच्या अलीकडे वाट डावीकडे वळते. उजवीकडे थोडं गेलं की कडा, आणि खाली दरी. आता हिला फोटोची हौस दांडगी. कड्याच्या टोकाशी तिने काळ्या दगडांची झकास लगोरी रचली, मागे दरी येईल असा फोटो काढला, घरी पाठवला आणि माथ्यावरच्या लाकडी निवाऱ्यात जाऊन डबा उघडला. लगोरी राहिली तिथेच.

मग धुकं उतरलं. दारातून पायरी दिसेना. येईल बेबी, लगोऱ्या आहेत ना, असं म्हणत वहिनीने घास तोंडात घातला, आणि तो तोंडातच फिरत राहिला. लगोऱ्या होत्या. एक जास्तीची होती.

डबा तसाच टाकून ती निघाली. पळायची सोय नव्हती. पाय चाचपत टाकावा लागत होता. "बेबी! अगं बेबे!" नवऱ्याला काय तोंड दाखवायचं? तुझी बहीण माझ्या फोटोपायी गेली म्हणून सांगायचं? वळणापासून ती अक्षरशः रांगत कड्याकडे गेली.

लगोरी उभी होती. सगळ्यात वर एक पांढरा दगड होता. वहिनीने पांढरा दगड ठेवलाच नव्हता.

कड्याच्या टोकावरून तिने खाली डोकावून पाहिलं. नुसतं धुकं.

"वहिनी? तूच ओरडत होतीस ना मघापासून?"

आवाज मागून आला होता, वळणाकडून. वहिनी धडपडत तिकडे गेली. बेबी एका खडकावर पाय पसरून बसली होती. "धुकं क्षणभर विरलं तेव्हा दोन्हीकडे एकेक लगोरी दिसली. म्हटलं जाऊ कुठे? बसून राहिले."

वहिनी तिला घट्ट मिठी मारून ढसाढसा रडली. "मग तिकडे दगड कशाला ठेवलास गं? माझा जीव गेला होता!"

"मी कशाला ठेवतेय? वाकता येतंय का मला?" बेबी म्हणाली. "तो ड्रमवाला ठेवत होता. तू सांगितलंस ना, म्हणून प्रत्येकीवर. मला मागे टाकून शीळ घालत गेला की पुढे. तुला भेटला नाही?"

वहिनी कड्याकडे वळली. शीळ कुठेच ऐकू येत नव्हती. हाक मारायला तिने तोंड उघडलं, आणि ते उघडंच राहिलं. गल्ल्या विचारल्या होत्या, वाटा सांगितल्या होत्या. त्याचं नाव तिने विचारलंच नव्हतं.